घडणावळ परत मिळत नाही

स्वित्झर्लंडच्या पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या हद्दीला लागून, वाले द जू नावाचे एक उंचावरचे खोरे आहे. हिवाळा लांब आणि शेती बेताची, त्यामुळे इथली शेतकरी कुटुंबे अठराव्या शतकापासून बर्फाच्या महिन्यांत घरात बसून घड्याळाचे सुटे भाग करत आली. या खोऱ्यातल्या ल सांतिए गावात आंत्वान लकूल्त्र याने १८३३ साली आपली कार्यशाळा काढली. १८४४ साली त्याने मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारे उपकरण बनवले. माणूस मुळात यंत्रे बनवणारी यंत्रे करणारा. पुढे १८६६ साली त्याने आणि त्याच्या मुलाने गावभर विखुरलेले कारागीर एका छपराखाली आणले आणि खोऱ्यातला पहिला खराखुरा घड्याळ-कारखाना उभा राहिला.

याच कारखान्याने १९६७ साली ९२० क्रमांकाचे एक स्वयंचलित यंत्र तयार केले. जाडी २.४५ मिलिमीटर. मनगटाच्या हालचालीने कमान गुंडाळणारे वजन या यंत्रात पूर्ण वर्तुळ फिरते, आणि तरीही यंत्र इतके पातळ. ते साधावे म्हणून हे वजन कडेने एका रुळावर, माणकांच्या चार चिमुकल्या चाकांवर तोललेले आहे. पुढच्या कित्येक दशकांत या जातीचे याहून चांगले यंत्र क्वचितच कुणी केले असेल. पण गंमत अशी, की लकूल्त्रच्या स्वतःच्या नावाच्या घड्याळात ते कधी बसलेच नाही. ते गेले तीन बड्या गिऱ्हाइकांकडे. ओदमार पिगेने ते १९७२ साली ‘रॉयल ओक’मध्ये घातले, पातेक फिलिपने १९७६ साली ‘नॉटिलस’मध्ये आणि वाशरॉन कॉन्स्टंटिनने १९७७ साली ‘२२२’ या घड्याळात. (तारखेची सोय जोडल्यावर ते जरासे जाड झाले, पण मूळ रचना तीच.) या तीन घड्याळांचे त्या काळातले पोलादी नग आज लिलावात मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी जातात. आणि ज्या कारखान्याने हे यंत्र केले त्याचे, म्हणजे जेजर-लकूल्त्रचे, नवे घड्याळ आज दुकानातून घ्या आणि महिन्याभराने विकायला न्या. तीस-चाळीस टक्के कमी मिळाले तर नशीब चांगले म्हणायचे. पुष्कळदा निम्मी किंमतही मिळत नाही.

घडवणारा तोच, मग मोल वेगळे का? या प्रश्नाचे उत्तर बाजारात नेहमी एका शब्दात दिले जाते: ‘ब्रँड’. ते चूक नाही, पण अपुरे आहे, कारण ब्रँड म्हणजे काय आणि तो केव्हापासून एवढा बलवान झाला हे त्यातून कळत नाही. माझ्या मते यासाठी जुन्या घड्याळाच्या किमतीचा इतिहासच थोडा मागून पाहावा लागतो.

आपल्याकडे सोने मोडायला गेलेल्या प्रत्येक बाईला एक गोष्ट ठाऊक असते. सराफ वजन करतो, कस पाहतो, तूट धरतो आणि भाव सांगतो. पाटल्या घडवताना दिलेली घडणावळ त्या हिशेबात कुठेच नसते. कारागिराने त्यावर कितीही रात्री घालवलेल्या असोत, मोड म्हटली की सोने तेवढे उरते. घड्याळाचेही फार काळ असेच होते. फरक इतकाच, की घड्याळाला सोन्याखेरीज आणखी एक आधार होता: त्याचा उपयोग.

इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन याने १९६७ साली काळ आणि कामाची शिस्त यांवर एक निबंध लिहिला. इतिहासाच्या अभ्यासकांत तो आजही वाचला जातो. त्यात त्याने एक बारीक निरीक्षण नोंदवले आहे: इंग्लंडमधल्या कामकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले की तो घड्याळ घेई, आणि वाईट दिवस आले की तेच विकी किंवा गहाण टाकी. घड्याळ म्हणजे त्याची बचतपेढीच. गहाणवटीवाल्यालाही ते सोयीचे होते. चांदीच्या वा सोन्याच्या डबीवर सरकारी कसाचा छाप असे, तो वाचता आला की पुरे. शिवाय घड्याळ चालते आहे एवढे कानाला लावून कळे, आणि चालते घड्याळ घ्यायला गिऱ्हाईक हमखास मिळे, कारण वेळ खिशात बाळगण्याचा दुसरा मार्ग सामान्य माणसापाशी नव्हता. आतली चक्रे किती सुबक घासली आहेत याला गहाणवटीच्या दुकानात किंमत नव्हती.

तिसरा आधार नावाचा. तोही तेव्हा अगदीच नव्हता असे नाही. पॅरिसच्या आब्राहाम-लुई ब्रेगे याच्या नावाची बनावट घड्याळे त्याच्या हयातीतच इतकी निघाली, की त्याला तबकडीवर भिंगाशिवाय न दिसणारी गुप्त सही कोरावी लागली. पण ब्रेगे हा अपवाद, त्याचे गिऱ्हाईक राजेरजवाड्यांचे. एकूण बाजारात जुने घड्याळ दोन पायांवर उभे होते, धातू आणि उपयोग.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लकूल्त्रचा धंदा चालला तोही याच जगात, आणि त्यात त्याचे नाव मागेच राहिले. १९०२ पासून पुढची तीसेक वर्षे पातेक फिलिपच्या बहुतेक घड्याळांतले कच्चे यंत्र, म्हणजे जुळणी आणि साजशृंगार व्हायचा बाकी असलेला सांगाडा, लकूल्त्रकडून येई. पॅरिसचा यंत्रकार एदमों जेजर १९०३ पासून लकूल्त्रच्या सोबतीने काम करू लागला. त्याच्यामार्फत यंत्रे कार्तिएला गेली, आणि कार्तिएची ती देखणी चौकोनी घड्याळे जगभर कार्तिएची म्हणूनच ओळखली गेली. १९२९ साली लकूल्त्रने केलेले १०१ क्रमांकाचे यंत्र जेमतेम एक ग्रॅमचे. जगातल्या सर्वांत लहान यांत्रिक घड्याळांत त्याची गणना आजही होते. १९५३ साली राज्यारोहणाच्या दिवशी राणी एलिझाबेथच्या मनगटावर तेच होते. पण बाईंच्या मनगटावर पाहणाऱ्याला हिरे दिसतात, यंत्र दिसत नाही.

तबकडीवर ज्याचे नाव गाजले असे या कारखान्याचे घड्याळ एकच, ‘रिव्हर्सो’, आणि त्याचा उगम आपल्या देशातला आहे. कंपनी सांगते ती हकीकत अशी: १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे हा घड्याळांचा व्यापारी हिंदुस्थानात आला होता. पोलोचा एक सामना संपल्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याला खेळताना फुटलेली आपल्या घड्याळाची काच दाखवली. यावर तोड म्हणून काच आतल्या बाजूला आणि पोलादी पाठ बाहेर अशी उलटी फिरणारी डबी निघाली. आराखडा रने-आल्फ्रेद शोवो याचा, आणि पेटंटचा अर्ज पॅरिसला ४ मार्च १९३१ रोजी दाखल झाला. यातला एक तपशील मला नेहमी हसवतो. पहिल्या दोनेक वर्षांच्या रिव्हर्सोंत यंत्र लकूल्त्रचे नव्हतेच. त्या लांबट डबीत बसेल असे त्यांच्यापाशी तयार नव्हते म्हणून ते ताव्हान नावाच्या दुसऱ्या कारखान्याकडून आणावे लागले. जगाला यंत्रे पुरवणारा कारखाना, आणि त्याचे स्वतःचे नाव झाले ते दुसऱ्याच्या यंत्रावर आणि एका फिरत्या डबीवर!

*

धातू आणि उपयोग हे दोन पाय कसे गेले, त्याच्या तारखा जवळजवळ नेमक्या सांगता येतात.

२५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सायकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला काढले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या छोट्या मोटारगाडीइतकी. पण ती पहिल्या दिवसाची किंमत. दहा वर्षांत अशीच घड्याळे कुणालाही परवडू लागली, आणि ती महागड्या यांत्रिक घड्याळापेक्षा जास्त अचूक होती. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत निम्मीही उरली नाहीत. वेळ कळण्यासाठी यांत्रिक घड्याळाची गरज संपली. एक पाय गेला.

मग जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर चढला. युरोप-अमेरिकेत लोकांनी आजोबांची खिशातली घड्याळे काढली आणि थेट सराफाकडे नेली. डब्या वितळल्या. आतली यंत्रे, ज्यांवर कुणीतरी महिनोन्‌महिने राबले होते, ती खोक्यांत पडून राहिली. अशी डबी गेलेली उघडी यंत्रे जुन्या घड्याळांच्या बाजारांत आजही ढिगाने मिळतात. कित्येक उत्तम चालतात. कारागिरीला स्वतःच्या बळावर बाजारात किती मोल आहे याचा एवढा नागडा पुरावा दुसरा नसेल.

दुसरा पाय मात्र धंद्याने स्वतःच काढून घेतला. १९७२ साली ओदमार पिगेने बाझेलच्या जत्रेत ‘रॉयल ओक’ मांडले. आराखडा जेराल्द जेन्ता या चित्रकाराच्या डोळ्याच्या माणसाचा, अष्टकोनी चौकट, वरून दिसणारे आठ स्क्रू आणि सगळे पोलादाचे. किंमत सोन्याच्या कित्येक घड्याळांहून अधिक. लोकांनी आधी भुवया उंचावल्या आणि सुरुवातीचा खपही संथच होता. पण त्या घड्याळाने एक नवी गोष्ट सिद्ध केली. ज्यात मोडायला काही नाही, जे वेळही स्वस्त घड्याळाहून कमी अचूक दाखवते, त्यालाही मोठी किंमत लावता येते. आता जुन्या घड्याळाला टेकायला एकच पाय उरला: ते दुसऱ्या कुणाला हवे आहे का?

यापुढचा इतिहास कारागिरीपेक्षा या ‘हवे असण्या’चा जास्त आहे. ते घडवता येते हे काहींना फार लवकर उमगले. जाँ-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लांपँ’ हे झोपी गेलेले नाव सुमारे बावीस हजार फ्रँकना विकत घेतले. आपण क्वार्ट्झचे घड्याळ कधी केले नाही आणि करणार नाही, हीच त्यांनी जाहिरात केली. दहा वर्षांनी, १९९२ साली, ते नाव सहा कोटी फ्रँकना गेले. जिनिव्हात १९८९ साली केवळ पातेक फिलिपच्या घड्याळांचा मोठा लिलाव झाला, आणि त्यानंतर ‘पातेकचे मोल टिकते’ ही समजूत पक्की होत गेली. १९९६ पासून त्या कंपनीची वडील-मुलाची जाहिरात सुरू आहे, तिचा मथितार्थ हे घड्याळ तुमचे नव्हे, पुढच्या पिढीचे असा. म्हणजे विकण्याची गोष्ट न काढताच, विकले तर काय मिळेल याची हमी. ओमेगाने २००७ साली जिनिव्हात आपल्याच तीनशे घड्याळांचा लिलाव होऊ दिला आणि त्यातली काही महागडी घड्याळे स्वतःच बोली लावून घेतली. बातमी फुटल्यावर थोडी चर्चा झाली, पण कायद्याने त्यात गैर काही नव्हते.

*

यंत्राची गुणवत्ता आणि फेरविक्रीची किंमत यांची फारकत किती पूर्ण झाली हे पाहायचे तर झेनिथची गोष्ट घ्यावी. ल लोक्लच्या या कारखान्याने १९६९ च्या जानेवारीत ‘एल प्रिमेरो’ हे स्वयंचलित क्रोनोग्राफ यंत्र जाहीर केले. तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजण्याची ताकद. नंतर कारखाना शिकागोच्या झेनिथ रेडिओ कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेला. १९७५ साली वरून हुकूम आला की यांत्रिक घड्याळे बंद, हत्यारे आणि साचे भंगारात काढा. शार्ल व्हेर्मो नावाच्या कारागिराने हुकूम मानला नाही. त्याने साचे, हत्यारे आणि कागदपत्रे कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवली. दहाएक वर्षांनी यांत्रिक घड्याळाला पुन्हा मागणी आली तेव्हा या माळ्यावरच्या ऐवजामुळेच एल प्रिमेरो पुन्हा तयार करता आले.

आणि ते कुणी घेतले? रोलेक्सने. रोलेक्सच्या ‘डेटोना’ला तोवर फारसे गिऱ्हाईक नव्हते. किल्लीचे घड्याळ, दुकानात वर्षानुवर्षे पडून असायचे. १९८८ साली रोलेक्सने एल प्रिमेरोत बरेच बदल करून, ठोके कमी करून, ते डेटोनात बसवले आणि २००० सालापर्यंत वापरले. त्या डेटोनासाठी रांगा लागल्या, त्या आजतागायत हटलेल्या नाहीत. झेनिथच्या नावाचे एल प्रिमेरो मात्र आजही दुकानातून बाहेर पडले की भाव टाकते. यंत्राचे पूर्ण श्रेय झेनिथचे, नफा रोलेक्सचा आणि व्हेर्मोचे नाव हौशी मंडळींपलीकडे कुणाला ठाऊक नाही.

याच्या उलट बाजूचा दाखलाही डेटोनाचाच. अभिनेता पॉल न्यूमन याला त्याच्या पत्नीने दिलेले डेटोना २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. मनगटी घड्याळासाठी तोवर लिलावात मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. त्यातले यंत्र व्हॅलजू ७२, बाहेरून विकत आणलेले, त्या काळी अनेक कंपन्यांच्या क्रोनोग्राफांत असलेले. भरवशाचे यंत्र, यात शंका नाही, पण त्याच्यासाठी कुणी हात वर केला नव्हता. त्या जातीच्या तबकडीची घड्याळे साठ-सत्तरच्या दशकांत भडक वाटत, म्हणून कमी खपली. कमी खपली म्हणून कमी बनली. कमी बनली म्हणून आज हवीहवीशी झाली. पडून राहिलेल्या मालाची ही अशी सूडकथा घड्याळांच्या इतिहासात वारंवार भेटते.

आणखी अलीकडचा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक पुरावा ओदमार पिगेच्या घरातलाच आहे. त्यांनी २०१९ साली ‘कोड ११.५९’ ही गोल घड्याळांची नवी मालिका काढली आणि तिच्या क्रोनोग्राफसाठी ४४०१ क्रमांकाचे नवे यंत्र केले. मालिका फेरविक्रीत आपटली. पुढे हेच यंत्र रॉयल ओकमध्ये आले, आणि ती घड्याळे दुकानातल्या किमतीच्या वर गेली. एकच कंपनी, एकच यंत्र, तेच कारागीर. फरक डबीचा. यानंतर ‘चांगले बनवलेले घड्याळ किंमत टिकवते’ हे वाक्य कुणी उच्चारले तर त्याला हे दोन नग शेजारी ठेवून दाखवावेत.

*

आता हिशेबाची बाजू. महागड्या घड्याळाच्या किमतीत दुकानदाराचा वाटा ढोबळमानाने तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक असतो. त्यावर कर आणि आपल्यासारख्या देशांत आयात शुल्क. शिवाय जाहिरात, संगमरवरी शोरूम, टेनिसपटू आणि नट. यातले काहीही गिऱ्हाईक घरी नेत नाही, त्यामुळे पुढच्याला विकूही शकत नाही. सोन्याच्या पाटल्यांत निदान सोने तरी घरी येते!

पण हा वाटा रोलेक्सच्या किमतीतही असतोच. मग तिचे नुकसान का होत नाही? कारण दुसरा बाजार. जे घड्याळ दुकानात पडून राहते ते दुकानदार कधी ना कधी मागल्या दाराने काढतो. असा नवाकोरा माल वीस-तीस टक्के कमी किमतीत अनधिकृत विक्रेत्यांकडे मिळू लागतो. एकदा हे झाले की तुमच्या वापरलेल्या घड्याळाची तुलना छापील किमतीशी राहत नाही. ती या स्वस्त नव्या मालाशी होते, आणि जुने नव्यापेक्षा स्वस्तच द्यावे लागते. म्हणजे फेरविक्रीची किंमत तुम्ही घड्याळ घेतल्यानंतर ठरत नाही. दुकानात त्याचे किती भाऊबंद पडून आहेत यावरच ती आधी ठरलेली असते.

जेजर-लकूल्त्र २००० साली रिशमाँ या मोठ्या गटाच्या मालकीची झाली. त्या गटात डझनभर घड्याळ-कंपन्या, आणि गटाचे भाग बाजारात, म्हणजे दर तिमाहीला विक्री दाखवणे आले. चीनमधली मागणी घसरली तेव्हा, २०१६ पासूनच्या दोन वर्षांत, रिशमाँने दुकानदारांकडे साठलेली सुमारे ४८ कोटी युरोंची घड्याळे परत घेतली आणि बरीचशी मोडून टाकली. मुख्यतः कार्तिएची होती असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. कारखान्यात जुळलेले, तपासलेले, चालते घड्याळ मोडीत काढणे कारागिराला कसे वाटले असेल हे सांगायला नको. पण बाजाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. उलट रोलेक्सची मालकी १९६० पासून संस्थापक हान्स विल्सडॉर्फ याच्या नावाच्या प्रतिष्ठानकडे आहे. भागधारक नाहीत, घाई नाही. मागणी असेल त्यापेक्षा थोडे कमी पुरवायचे, सवलत कधी द्यायची नाही, एवढे पथ्य तिला परवडते. रोलेक्सचे घड्याळ वाईट असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते उत्तमच असते. पण त्याची किंमत टिकते ती या पथ्यामुळे.

टंचाईने मोल कसे वाढते हे आपल्याला स्वित्झर्लंडकडून शिकायची गरज नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत आयातीवर कडक निर्बंध होते आणि मुंबईच्या किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालात सोन्याबरोबर घड्याळेही असत. तेव्हा कुणाच्याही हातातले साधे परदेशी घड्याळ वापरूनही भाव राखून असे. बंगळूरला १९६१ साली जपानी सिटिझनच्या साहाय्याने सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळासाठी लोक नाव नोंदवून थांबत. मग दुकाने भरली, क्वार्ट्झ आले, टायटन आले आणि एचएमटीची ‘जनता’ कपाटात गेली. २०१६ साली घड्याळांचा कारखाना बंद झाला, तशी तीच ‘जनता’ आणि ‘पायलट’ हौशी लोक शोधत फिरू लागले. मधल्या काळात त्या यंत्रात एका दाताचाही फरक पडला नव्हता.

*

जुन्या बाजारात घेणाऱ्याची अडचणही समजून घ्यायला हवी. बंद पाठीच्या आत यंत्राच्या कडा किती सफाईने घासल्या आहेत, तेल कधी घातले होते, एखादा भाग बदलला आहे का, हे त्याला दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारगाड्यांचे उदाहरण घेऊन दाखवले, की माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या मालालाही वाईटाचा भाव मिळतो. मग घेणारा जे तपासता येते त्यालाच पैसे देतो: क्रमांक, मूळ खोका, कागदपत्रे, तबकडीचा रंग. यातून हास्यास्पद गोष्टी घडतात. उन्हाने उडून तपकिरी झालेली तबकडी दोष न राहता वैभव ठरते. आणि कागदपत्रांवरचा भरवसाही ढासळतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात एक जुने ओमेगा ‘स्पीडमास्टर’ एकतीस लाख फ्रँकच्या वर गेले, विकत घेतले ते ओमेगाच्याच संग्रहालयाने. दीड वर्षाने कंपनीला जाहीर करावे लागले, की ते जुन्या सुट्या भागांतून जुळवलेले होते आणि त्यात तिच्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

यंत्र जितके गुंतागुंतीचे तितका हा तोटा मोठा, हे अनेकांना उलटे वाटते. वास्तविक ते सरळ आहे. यांत्रिक घड्याळातले तेल वाळते, पाच-सात वर्षांनी ते पूर्ण उकलून धुवावे लागते. साध्या तीन काट्यांच्या घड्याळाचे काम गल्लीतला चांगला घड्याळजीही करील. पण लीप वर्षाचा हिशेब ठेवणारे पंचांग किंवा वेळ ऐकवणारे टोल असलेले यंत्र कंपनीकडेच पाठवावे लागते. महिने जातात आणि बिल मोठे येते. घेणारा ते बिल आधीच मनात धरून बोली लावतो. म्हणजे कारागिराने जी जास्तीची शंभर चक्रे बसवली ती फेरविक्रीत जमेच्या नव्हे, खर्चाच्या बाजूला मांडली जातात. अनेक घरांत बापाचे असे घड्याळ बंद पडते आणि मुलगा चौकशी करतो, तर दुरुस्ती विक्रीच्या किमतीच्या जवळ गेलेली असते. घड्याळ पुन्हा खणात जाते. खरे नुकसान मला इथे दिसते. मालकाचे पैसे बुडाले तर तो त्याचा हौसेचा खर्च होता. पण दुरुस्त न होणाऱ्या यंत्राबरोबर ते दुरुस्त करणारा हातही बेकार होतो, आणि तो हात एका पिढीत तयार होत नाही.

दुसऱ्या बाजूला, ज्याला घालायलाच हवे आहे त्याची या बाजारात चंगळ आहे. रिव्हर्सो, झेनिथचे एल प्रिमेरो, ग्लासह्यूट ओरिजिनलची घड्याळे, अशा उत्तम घडणीच्या गोष्टी वापरलेल्या घेतल्या तर पहिल्या मालकाने तोटा सोसून झालेला असतो. त्यापुढे त्या फार घसरत नाहीत. तेव्हा अशा माणसाने पहिला मालक होण्याचे टाळावे आणि दुरुस्तीची रक्कम बाजूला काढून ठेवावी, एवढेच.

कंपन्यांनाही हा दुसरा बाजार आता दुर्लक्षून चालत नाही. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या जुन्या घड्याळांची तपासणी करून ती हमीसह दुकानातून विकायला सुरुवात केली. त्याच सुमाराला जेजर-लकूल्त्रनेही आपली जुनी घड्याळे शोधून, ल सांतिएच्या कारखान्यात दुरुस्त करून, पुन्हा विक्रीला मांडण्याची योजना काढली. तिच्यात विसाव्या शतकातले निवडक नग असतात, बहुतेक क्वार्ट्झची लाट येण्यापूर्वीचे. त्या यादीत जुने रिव्हर्सो आहेत. गेल्या वर्षी दुकानातून घेतलेल्या रिव्हर्सोला मात्र अजून जुन्या बाजाराचाच रस्ता आहे.